बाईंच्या मापाची पेटी

एका संध्याकाळी शाळेतून घरी आलो तर माझी खुर्ची जागेवर नव्हती. पहिल्या पगारातून घेतलेली वेताची खुर्ची होती ती. आमच्या घराण्यात खुर्ची घेणारा मी पहिलाच. वाशीमला बाईंच्या घराची पडवी भाड्याने घेऊन मी राहत होतो आणि त्या पडवीत खुर्चीखेरीज मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"मास्तर," बाईंनी अंगणातूनच विचारलं, "ते खुर्ची तुमाले लय आवडत होती ना?"

"होती म्हणजे? आहे."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून त्या कोंबड्यांना दाणे टाकू लागल्या.

खुर्ची पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या पोस्टमनकडे गेली होती. त्याची बायको नुकतीच वारली होती. "म्हातारा दिवसभर उंबऱ्यावर उकिडवा बसून रडते," बाई म्हणाल्या. "उकिडवं बसून रडलं का कंबर धरते. आता निवांत रडंल."

"पण बाई, खुर्ची माझी होती. मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं, आन मंग तुमच्या माथी पाप आलं असतं. म्हनून नाई इचारलं."

त्या रात्री मी घर सोडायचं ठरवलं. सकाळी पाहतो तर पडवीत बाईंची स्वतःची बैठक, उंच शिसवी स्टूल, आणून ठेवलेलं होतं. माझी बी.ए.ची सगळी पुस्तकं मी त्या स्टुलावर बसून वाचली. पाठ टेकायला काही नसल्यामुळे झोप येत नसे. मी पास झालो यात स्टुलाचा वाटा मोठा आहे, असं मला अजूनही वाटतं.

बाई ख्रिस्ती होत्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण आणि वाचन शिकवायच्या, दुपारनंतर बायकांच्या घरोघर जाऊन बसायच्या. वाशीममधल्या बहुतेक पुरुषांहून त्या उंच होत्या. पांढरं लुगडं, पायात पुरुषी बूट, आणि बुटांना नाड्या नाहीत. नाड्या कुणाच्या तरी झोळीचा पाळणा बांधायला गेल्या होत्या. चालताना बूट फटक फटक वाजत. तो आवाज आला की ज्यांच्या घरी काही दुःख होतं ते दार उघडत आणि ज्यांच्या घरी काही नवीन वस्तू होती ते लावून घेत.

द्यायचा त्यांचा एक नियम होता. नकोशी झालेली वस्तू त्या कधीच कुणाला देत नसत. एकदा माझी आई भाजी घेऊन आली होती. आमचा कारंजा गावाजवळ मळा होता. परत जाताना थंडी फार होती म्हणून बाईंच्या खुंटीवरची जुनी वाकळ आईने मागितली. बाई म्हणाल्या, "ते नाई देत मी. तिचा मले कंटाळा आला हाय."

"मंग त बरंच झालं की," आई म्हणाली.

"नाई. कंटाळा आलेली वस्तू देनं म्हंजे घरातला केर काढनं हाय. देवाले समजते." आणि त्यांनी अंगावरची नवी शाल उतरवून दिली. वाकळ खुंटीवरच राहिली. त्यानंतर सगळा हिवाळा त्या तीच पांघरून तिला नावं ठेवत होत्या.

म्हणजे वस्तू आली की आधी तिच्यावर जीव बसायला हवा. बाई त्यासाठी मेहनत घेत. कुण्या मडमेने त्यांना हाडाच्या मुठीची काळी छत्री दिली होती. ती छत्री त्यांनी पावसाळाभर मिरवली. पाऊस नसला तरी उघडून चालत. मुठीला रोज तेल लावत. गावाने ओळखलं की छत्रीचे दिवस भरत आले. आणि झालंही तसंच. गवळ्याची म्हैस मेली, गवळण गोठ्यात रडत बसली होती. बाई तिला छत्री देऊन आल्या.

मी म्हटलं, "बाई, म्हशीचा आणि छत्रीचा काय संबंध?"

"काईच नाई. पन ते रडून राह्यली होती आन माह्या हातात छत्रीच होती."

"मग तिचं रडणं थांबलं का?"

"थांबलं ना. ते बी हेच इचारत बसली, म्हशीचा आन छत्रीचा काय संबंध."

शेजारी किराणा दुकानवाल्या शेटजींचं जैन कुटुंब होतं. शेटाणीबाईंचा बाईंवर लोभ. दर दिवाळीला त्या बाईंना काहीतरी द्यायच्या आणि देताना बजावायच्या, "बाई, हे ब्लँकेट वापरा, पण त्यावर जीव लावू नका." बाई मान डोलवायच्या. महिन्याभरात ते ब्लँकेट धर्मशाळेतल्या एखाद्या खोकणाऱ्याच्या अंगावर दिसे. शेटाणीबाईंनी जाब विचारला की बाई खाली मान घालून म्हणत, "लय कोशिस केली जी. पन ऊबदारच एवढं होतं."

एका वस्तूच्या बाबतीत मात्र बाई चिकट होत्या. ती त्यांची पेटी.

बाई मूळच्या या बाजूच्याच. संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या, मोठ्या दुष्काळात त्यांच्या घरचे सगळे अन्नाच्या शोधात रस्त्याला लागले, आणि रस्त्यात त्यांची आई गेली. बाई तेव्हा परकर नेसायच्या वयाच्या. तिथे आणखीही माणसं मेली होती. एकच खड्डा खणून सगळ्यांना त्यात ठेवलं. पुढे मिशनवाल्यांनी बाईंना नेलं, वाढवलं, शिकवलं. ही हकीकत त्या क्वचितच सांगायच्या, आणि सांगितली तरी भाजी निवडत, वर न बघता. "खड्ड्याचं काई नाई मास्तर. सगळ्याईले खड्डाच हाय. पन मायचं तोंड उघडं होतं. फावड्यानं माती टाकली ते सरळ तोंडावर पडली. डोळ्यात गेली. ते झटकाची म्हनून मी पुढं झाली तं मले मांगं वढलं." एवढं सांगून पुढे म्हणायच्या, "मले एक लाकडाची पेटी पायजे. बस. माती पेटीवर पडंल, माह्या तोंडावर नाई."

"पण बाई," मी एकदा म्हटलं, "तुमच्याच धर्मात सांगतात ना, की देह मातीचाच आहे?"

"देवाले माहीत हाय ते. माह्या तोंडाले माहीत नाई."

म्हणून मी तिथे राहायला जाण्याआधीच त्यांनी किसन मिस्त्रीकडून सागवानी पेटी करून घेतली होती. किसनने असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या बिरादरीत माणूस जाळत. बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं, भुशावर सरळ आडव्या होऊन सुतळीने माप घेऊ दिलं. त्याने 'हो बाई, हो बाई' केलं आणि पेटी केली ती आपल्याला ठाऊक असलेल्या संदुकासारखी. झाकणाला बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना पितळी कड्या, आत डोक्याकडे दागिन्यांचा छोटा खण आणि पुढे भक्कम कोयंडा.

"कोयंडा काहून लावला रे किसन?" बाईंनी विचारलं.

"चोराचिलटाचे दिवस हाय बाई. कुलूप असलेलं बरं."

"आन कुंजी कोनाजवळ ठेवाची?"

किसनने बराच विचार केला. "तुमच्याजवळच ठेवा," तो म्हणाला.

बाईंना ती पेटी इतकी आवडली की त्यांनी काहीही बदलू दिलं नाही. खणही राहू दिला. "चश्मा कुठं ठेवू मंग? तिकडं गेल्यावर ओळखीचे लोक दिसले पायजेत ना."

पेटी मधल्या घरात भिंतीशी असायची. रिकामी जागा वाया घालवणं बाईंना पटत नसे. हिवाळ्यात तिच्यात ज्वारी, उन्हाळ्यात आंब्यांची अढी. मिशनचे पाद्रीसाहेब अधूनमधून गाडीने येत. ते नवे होते तेव्हा एकदा वैशाखात आले. बाईंनी आंबे कापून पुढे ठेवले. साहेबांनी फार स्तुती केली, कुठल्या झाडाचे म्हणून विचारलं.

"झाडाचं मले माहीत नाई," बाई म्हणाल्या, "पन पिकले माह्या पेटीत."

"कसल्या पेटीत?"

बाईंनी उठून झाकण उघडून दाखवलं, आणि पेटी कशासाठी आहे तेही सांगितलं. साहेबांच्या तोंडात फोड होती. गिळावी की काय करावं, हे त्यांना काही वेळ ठरवता येईना. मग त्यांनी डोळे मिटून गिळली. "आनखी एक घ्या," बाई म्हणाल्या. "मी गेल्यावर असे आंबे भेटनार नाई तुमाले."

अशा या पेटीला बाई रोज पुसायच्या, महिन्यातून एकदा तेल द्यायच्या. त्यांचा सगळा जीव तिच्यात होता आणि हे माहीत असूनही गावात कुणी त्यांना त्या नियमाची आठवण करून देत नसे. तेवढी माणुसकी गावात होती.

मग माझी बहीण वच्छी आली.

वच्छीचं लग्न लहानपणी झालं होतं आणि नवरा लगेच वारला होता. सासरच्यांनी तिचं आंदण ठेवून घेतलं आणि तिला परत पाठवलं. बरीच वर्षं ती आमच्या मळ्यात राबली. आता जऊळक्याच्या एका विधुराशी तिचा पाट ठरला होता. आमच्यात विधवेचा पाट लागतो, पण तो लग्नासारखा नाही. वाजंत्री नाही, रुखवत नाही, आंदण नाही. अंधार पडल्यावर लावायचा, आणि त्या दिवशी सवाष्णींनी तिचं तोंड पाहायचं नाही. नेसत्या लुगड्यानिशी जायचं. बाबांची काही द्यायची इच्छा नव्हती असं नाही, पण पाटाच्या पोरीसोबत सामान धाडलं तर लोक हसतात, ही त्यांना भीती.

लुगडं घ्यायला म्हणून ती वाशीमला चार दिवस माझ्याकडे राहिली. ती बाईंच्या घरात गेली आणि पेटीपाशी थबकली. कडी हातात घेऊन पाहिली. कोयंडा वाजवून पाहिला.

"माह्या पयल्या लग्नात असंच संदूक होतं," ती म्हणाली. "याच्याहून लहान होतं. त्याच्यात माह्या बाहुल्या राह्यल्या."

बाई उठून कोंबड्यांकडे गेल्या. ते दोन दिवस बाईंचा अवतार पाहण्यासारखा होता. त्या कुणाशी धड बोलेनात. शेटाणीबाईंशी मिठावरून भांडल्या. मला म्हणाल्या की मी फार मोठ्याने वाचतो. पेटीवर बसून राहिल्या, जणू कुणी ती ओढून नेत होतं. प्रार्थनेला बसल्या की दाराआडून मला पुटपुटणं ऐकू यायचं. ती प्रार्थना नव्हती, घासाघीस होती. "स्टूल दिलं ना? शाल दिली ना? मंग?" आणि थोडं थांबून, "हे मले आवडते हे तुले कोनं सांगतलं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतली ज्वारी पोत्यात भरली आणि वच्छीला हाक मारली. "वच्छे, हे घेऊन जा तुह्या घरी."

मी पडवीतून धावत आत गेलो. "बाई, ती कशाची पेटी आहे हे तिला माहीत नाही."

"सांगतलं मी तिले. मी कोनाले फसवते का?"

मी वच्छीकडे पाहिलं. ती पेटीवर हात ठेवून उभी होती. "सांगतलं मले बाईनं," ती म्हणाली. "दादा, मले पाहून बाया तोंड फिरवतात. हे संदूक मले आनखी काय अपशकून करनार हाय? उलटं त्यालेच माह्यी भीती वाटली पायजे." आणि त्या दोघी हसू लागल्या. एवढ्या हसल्या की शेटजींच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं.

"अगं पण तुझ्या होणाऱ्या सासरच्यांना काय वाटेल?"

वच्छीने होणाऱ्या नवऱ्याला तो गाडी घेऊन आला तेव्हा स्वतःच सांगितलं. तो शांत माणूस. पेटीभोवती एक चक्कर मारून त्याने विचारलं, "बी-बियानं ठेवता येते ना?"

"ज्वारी मी ठेवत होती," बाई म्हणाल्या. "एक किडा नाई लागला."

"मंग उचला," तो म्हणाला.

पाटाची नवरी अंधारात जाते. पेटी मात्र बाईंनी भर बाजाराच्या दिवशी, भर दुपारी धाडली. बैलगाडीत पेटी, पेटीवर झेंडूची माळ, आणि पेटीवर बसलेल्या बाई. गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत त्या तशाच बसून गेल्या. बाजारातल्या बाया तोंड फिरवायचं विसरून बघत राहिल्या.

"बाई, कुठं चाल्ल्या?"

"मी नाई चाल्ली. वच्छीचं आंदन चाल्लं."

"येवढं मोठं?"

"मंग. आमी काय लहान मानसं हाव?"

पाद्रीसाहेबांना हे कळलं तेव्हा ते खिन्न झाले. बाईंना पेटीची किती ओढ होती ते त्यांना ठाऊक होतं. "आता तुमचं काय, बाई?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "प्रभू पाहून घेईल जी. त्याच्या घरचा तं धंदाच सुतारकीचा."

पण प्रभूने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. किसन मिस्त्री वारला. मग लढाई सुरू झाली आणि सागवान बाजारातून नाहीसं झालं. मी बी.ए. झालो, पगार थोडा वाढला, तेव्हा मी दुसरी पेटी करून देतो म्हणालो. मिळत होती ती साबणाच्या खोक्यांची फळकुटं. त्यांवर साबणाची छापील अक्षरं होती. बाईंनी ती वाचून पाहिली. "कपडे धुवाले चाल्ली का मी वर?" त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. कधी जोराचा पाऊस आला की मात्र त्या आपला हात तोंडावर ठेवून झोपायच्या. हे मी पाहिलं आहे.

बाई शेवटी पेटीशिवायच गेल्या, दोन धुतलेल्या चादरींत. शेटाणीबाईंनी वर स्वतःची शाल टाकली. मिशनचे लोक अजून म्हणतात की बाईंच्या देण्याच्या वेडाने त्यांना शेवटी एवढंही लाभलं नाही. त्यांना ठाऊक नाही की पेटी परत आली होती.

त्या आजारी पडल्याचं मी जऊळक्याला कळवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात गाडी उभी राहिली. वच्छी, तिचा नवरा आणि गाडीत पेटी. सगळी रिकामी करून, पुसून, तेल लावून आणलेली. दोघांनी ती आत आणून बाईंच्या खाटेशी, तिच्या जुन्या जागी ठेवली. बाईंनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. रस्त्यात हरवलेलं माणूस दिसावं, तसं काहीतरी.

"तुमची वस्तू हाय बाई," वच्छी म्हणाली. "तुमालेच राहू द्या आता."

बाईंनी हात लांब करून कडी धरली. "काय काय ठेवलं होतं हिच्यात?" त्यांनी विचारलं.

"बियानं. गोधड्या. पोराचे कपडे. पोरगं रांगाले लागलं तवा वरती चढून बसे. खाली पडलं बी एकदा."

"आन गावात तुले काय म्हनतात? पाटाची म्हनतात का?"

"नाई," वच्छी हसली. "संदूकवाली म्हनतात. पयल्या दिसापासून. सासू बी म्हनते, आमची संदूकवाली कुठं गेली. येवढं मोठं संदूक आमच्या गावात दुसऱ्या कोनाच्या घरी नाई."

बाई छताकडे पाहत राहिल्या. कडी अजून हातातच होती. मग त्यांनी ती सोडली. "घालून तं पाहू द्या मले," त्या म्हणाल्या. "इतके दिवस झाले. माप बदलते मानसाचं."

आम्हाला हे चमत्कारिक वाटलं, पण बाईंपुढे कधी कुणाचं चाललं होतं? वच्छीने गोधडी अंथरली आणि आम्ही दोघांनी बाईंना उचलून पेटीत ठेवलं. हातांना ओझं लागलं नाही, पण उंची तेवढीच होती. त्यांनी लुगडं पायांवर नीट ओढून घेतलं, चश्मा काढून खणात ठेवला, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं, त्या आता बोलणार नाहीत. इतक्या समाधानाने मी त्यांना कशावर टेकलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी एक डोळा उघडला. "ढिली होते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पायाकडं पाहा ना. हातभर जागा उरली. वाळली मी. याच्यात मी वरपर्यंत खडखडत जाईन, सारे उठून बसतीन. नाई चालत. घेऊन जा वच्छे तुह्यं तू."

आम्ही पायांकडे पाहिलं. खरोखरच पाऊल आणि फळी यांच्यात हातभर अंतर होतं. आणि लुगड्याखाली बाईंचे दोन्ही गुडघे डोंगरासारखे वर आले होते.

वच्छीने ते पाहिलं. मी पाहिलं. तिच्या नवऱ्यानेही पाहिलं, तो दारातून बाहेर अंगणाकडे बघू लागला. वच्छीने पदराने तोंड पुसलं. "हो बाई," ती म्हणाली, "लयच ढिली होते." आणि बैल जुंपायला सांगते म्हणून बाहेर गेली.

मी खणातला चश्मा काढून घेतला आणि बाईंना उचलून परत खाटेवर ठेवलं. तिथेही त्यांनी गुडघे तसेच वर धरून ठेवले, खरं तर तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मी हळूच म्हटलं, "बाई, आता पाय सरळ करा."

"गाडी जाऊ द्या आधी," बाई म्हणाल्या.